पहिला ग्राफ्ट पुढच्या कडेला का सुटला? उजव्या कानाच्या फेर-टिम्पॅनोप्लास्टीचं एक प्रकरण

हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे. रुग्ण म्हणजे कोणी एक खरी व्यक्ती नाही. मात्र इथल्या अडचणी आणि आकडे अशा कानांत नेहमी भेटणारे आहेत.

रुग्ण 34 वर्षांच्या शिक्षिका. उजवा कान लहानपणापासून सर्दी झाली की वाहायचा. चार वर्षांपूर्वी कानाचा पडदा बसवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे टिम्पॅनोप्लास्टी, झाली होती: कानामागून चीर, टेम्पोरॅलिस फॅशियाचा (कानावरच्या स्नायूच्या पातळ आवरणाचा) ग्राफ्ट, म्हणजे ठिगळ, आणि अंडरले पद्धत, म्हणजे ग्राफ्ट पडद्याच्या आतून. सहाव्या आठवड्यात पुढच्या-वरच्या कोपऱ्यात चंद्रकोरीएवढी फट दिसली. "भरून येईल" म्हणून वाट पाहिली गेली. फट भरली नाही, उलट पुढच्या दोन वर्षांत कान तीन-चारदा वाहिला आणि फटीचं भोक झालं. आता वर्गात उजवीकडून कोणी बोललं तर कळत नाही आणि डोक्यावरून आंघोळ केली की कान वाहतो, या दोन तक्रारी. चक्कर नाही, चेहऱ्याची हालचाल व्यवस्थित, धूम्रपान नाही.

तपासणीत काय दिसलं

मायक्रोस्कोपखाली पडद्याच्या ताणलेल्या भागात सुमारे 6 × 5 मिमीचं छिद्र होतं. मागे दोन-अडीच मिमी पडदा शिल्लक, खाली एक मिमी, पुढे मात्र जेमतेम वळकटीएवढी कड. 1 ते 3 वाजण्याच्या दरम्यान तर फक्त अॅन्युलस, म्हणजे पडद्याच्या परिघाची तंतुमय कडी, उरली होती. (उजव्या कानात 3 वाजण्याची दिशा चेहऱ्याकडे, 9 वाजण्याची पाठीमागे.) तीही पूर्ण दिसत नव्हती, कारण कर्णनलिकेच्या पुढच्या भिंतीचं हाड फुगीर होतं. डोकं कितीही फिरवलं तरी पुढचा कोन नजरेआडच राहायचा. हातोडीचा, म्हणजे पडद्याला जोडलेल्या हाडाचा, दांडा आत ओढला गेलेला आणि त्याचं टोक मध्यकर्णाच्या आतल्या भिंतीपासून एक मिमीवर. वरच्या सैल भागात खळगा नाही, कातडीचा साठा नाही, म्हणजे कोलेस्टिॲटोमाची (आत साठत वाढणाऱ्या कातडीच्या गोळ्याची) शंका नाही.

नादकाट्याच्या चाचण्यांत 256 आणि 512 हर्ट्झला रिने ऋण (हवेपेक्षा हाडावाटे जास्त ऐकू येतं), वेबर उजवीकडे (कपाळावर टेकवलेल्या काट्याचा नाद उजव्या कानात ऐकू येतो). डाव्या कानाला मास्किंग (त्याचं ऐकणं झाकणारा आवाज) देऊन घेतलेल्या ऑडिओमेट्रीत उजव्या कानाची हवावाटे पातळी 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झला अनुक्रमे 50, 45, 35 आणि 40 डेसिबल आली. हाडावाटे पातळी 10, 10, 15, 15. सरासरी काढली तर हवावाटे 42.5, हाडावाटे 12.5, आणि एअर-बोन गॅप, म्हणजे या दोन्हींतला फरक, 30 डेसिबल. खालच्या स्वरांत तोटा जास्त आहे. नुसत्या छिद्राचा श्रवणालेख असाच दिसतो.

मोठं छिद्र एकट्यानेच 30 डेसिबलचा गॅप देऊ शकतं, पण हाडांची साखळी तुटली असती तरी गॅप दिसलाच असता. दोन्हींतला फरक ओळखायचा स्वस्त उपाय म्हणजे कागदी ठिगळाची चाचणी. छिद्रावर पातळ ओला कागद चिकटवून श्रवण पुन्हा मोजलं, पातळी 28 डेसिबलपर्यंत सुधारली. म्हणजे हातोडी, ऐरण आणि रिकीब जोडलेली आहेत आणि हलतात. ठिगळ लावल्यावर ऐकू येणं सुधारलं नसतं किंवा बिघडलं असतं, तर साखळी दुरुस्त करायची तयारी ठेवूनच टेबलावर घ्यावं लागलं असतं. ही चाचणी पाच मिनिटांत होते, तरी सर्रास वगळली जाते. मग कान उघडल्यावर धावपळ होते.

फेरशस्त्रक्रिया असल्यामुळे सीटी स्कॅन केला. मॅस्टॉइडच्या, म्हणजे कानामागच्या हाडाच्या, पेशी हवेने भरलेल्या होत्या, अँट्रम (त्यातली मोठी पोकळी) स्वच्छ होतं. पहिल्याच वेळचा, कोरडा, साधा छिद्राचा कान असता तर स्कॅनची गरज नव्हती. मॅस्टॉइड उघडायचं नाही हेही इथेच ठरलं. कोरड्या कानात आणि स्वच्छ मॅस्टॉइडमध्ये ड्रिल चालवल्याने पडदा जास्त टिकतो असं दिसत नाही.

युस्टेशियन नलिकेच्या, म्हणजे मध्यकर्ण आणि नाकाचा मागचा भाग जोडणाऱ्या नळीच्या, चाचण्या बऱ्याच आहेत, पण विसंबण्यासारखी खूण दुसऱ्या कानात असते. इथे डावा पडदा चमकदार, जागेवर, आणि टिम्पॅनोग्राम (पडद्याच्या हालचालीचा आलेख) सामान्य. नाकात ॲलर्जीची सूज होती, त्यासाठी दोन महिने स्टेरॉइड स्प्रे दिला. शेवटचं वाहणं सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या थेंबांनी थांबवलं. छिद्र असलेल्या कानात जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब टाळले, कारण ती औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. कान आठ आठवडे कोरडा राहिल्यावर तारीख दिली.

पहिल्या वेळी चुकलं काय

फॅशिया चांगला पदार्थ आहे. 1950 च्या दशकात वुलस्टाइन आणि झोलनर यांनी टिम्पॅनोप्लास्टीची घडी बसवली तेव्हा कातडीचे ग्राफ्ट वापरले जात. पुढे फॅशियाने त्यांची जागा घेतली आणि आजही तोच सर्वात जास्त वापरला जातो. तेव्हा "फॅशिया फसला म्हणून आता कूर्चा" हे उत्तर अर्धवट आहे. ग्राफ्ट सुटला पुढच्या कोपऱ्यात, आणि तिथे सुटायची कारणं पदार्थात नव्हती.

मागच्या बाजूला ग्राफ्ट कर्णनलिकेच्या हाडावर पसरतो आणि वरून कातडीची झडप त्याला दाबून धरते. पुढे तसा आधार नाही. अंडरलेमध्ये ग्राफ्ट तिथे उरलेल्या पडद्याच्या आतून नुसता टेकवलेला असतो. खाली असतं जेलफोम, म्हणजे विरघळणारा स्पंज, आणि त्याच्याही खाली युस्टेशियन नलिकेचं तोंड, म्हणजे पोकळी. जेलफोम तीन-चार आठवड्यांत विरघळू लागतं. तोवर ग्राफ्ट कडेला चिकटला नसेल तर तो आत घसरतो. त्यात पुढच्या भागाचा रक्तपुरवठा मागच्यापेक्षा कमी, आणि या कानात कडच नव्हती. फुगीर भिंतीमुळे ग्राफ्टची पुढची धार कुठे बसली हे पहिल्या वेळी दिसलंच नसणार. न दिसलेली धार बसली असं धरून चालणं, हीच त्या शस्त्रक्रियेतली चूक.

म्हणून या वेळचा आराखडा असा: पुढची भिंत ड्रिलने सपाट करून संपूर्ण अॅन्युलस एका नजरेत आणायचा, ग्राफ्टची पुढची शेपटी अॅन्युलसखालून बाहेर ओढून हाडावर बसवायची, आणि ग्राफ्ट स्वतःचा आकार धरणारा घ्यायचा.

बाकीचे पर्याय थोडक्यात. कानाच्या पाळीतल्या चरबीची गुठळी दोन-तीन मिमीच्या छिद्राला पुरते, इथे नाही. रोलंड ईव्ही यांनी 1998 मध्ये मांडलेला फुलपाखरासारखा कूर्चेचा इनले, म्हणजे छिद्रातच अडकवायचा तुकडा, सुटसुटीत आहे, पण त्याच्या खाचेत अडकायला सगळीकडून कड लागते. ओव्हरले, म्हणजे पडद्याच्या बाहेरून ग्राफ्ट, पुढच्या छिद्रांना चांगला बंद करतो. पण पुढचा टोकदार कोन बोथट होणं आणि नवा पडदा हातोडीपासून सुटून बाहेर सरकणं, ही दोन दुखणी तो मागे ठेवू शकतो. एंडोस्कोपने पुढचा कोन भिंत न घासता दिसला असता हे खरं. पण मग एक हात दुर्बिणीत गुंततो, आणि शेपटी ओढण्याचं काम दोन्ही हातांनी नीट होतं. ज्यांचा एका हाताचा सराव पक्का आहे ते वेगळा निर्णय घेऊ शकतात.

शस्त्रक्रिया

पूर्ण भूल, डोक्याची बाजू 15 अंश वर, सरासरी रक्तदाब 65 च्या आसपास. नायट्रस ऑक्साइड वापरायचं नाही असं भूलतज्ज्ञांशी आधीच ठरलं होतं. हा वायू मध्यकर्णात शिरून बसवलेला ग्राफ्ट उचलतो आणि बंद केल्यावर तितक्याच वेगाने निघून त्याला आत ओढतो. वापरावाच लागला तर ग्राफ्ट ठेवण्याच्या 15-20 मिनिटं आधी बंद करावा.

2 टक्के लिग्नोकेन आणि 1:100000 अॅड्रेनॅलिन, कानामागे 3 मिलि. नलिकेत कूर्चा आणि हाड जिथे मिळतात तिथे चारही बाजूंनी थोडं थोडं, एकूण दीड मिलिच्या आत. सुई हाडापर्यंत न्यायची आणि हळू दाबायचं. कातडी पांढरी पडत आत जाताना दिसली पाहिजे. फोड आला तर सुई उथळ आहे, आणि त्या फोडाने उरलेली शस्त्रक्रिया आंधळी होते.

जुन्याच व्रणावरून चीर, कानामागच्या घडीपासून 5 मिमी मागे. छिद्राची कड आधी ताजी केली: बारीक टोच्याने परिघावर टिंबं पाडत गेलं की ती कागदी तिकिटासारखी सुटते. बाहेरची कातडी कडेवरून वळून आतल्या श्लेष्मल त्वचेला भेटलेली असते, म्हणूनच जुनं छिद्र आपणहून भरत नाही. ती शिवण पूर्ण गोल काढली नाही तर ग्राफ्टला चिकटायला जखमच मिळत नाही. पुढच्या बाजूला हे काम पुढची भिंत घासल्यानंतर केलं, कारण आधी तिथे हत्यार पोचत होतं पण नजर पोचत नव्हती.

मागची झडप 12 आणि 6 वाजताच्या उभ्या चिरा अॅन्युलसपासून 6 मिमी बाहेर जोडून उचलली. मागच्या-वरच्या भागात अॅन्युलस खोबणीतून सोडवताना कॉर्डा टिम्पॅनी ही चवीची नस जुन्या व्रणात चिकटलेली सापडली. ती तोडली नाही, पण थोडी ताणली गेली. पुढे दोन महिने जिभेच्या उजव्या कडेला धातूसारखी चव राहिली. याची कल्पना संमतीच्या वेळीच दिली होती.

साखळी तपासली. हातोडी हळूच हलवली की गोल खिडकीच्या खळग्यातला द्रव लकाकतो, तो लकाकला. दांडा आणि आतली भिंत यांमधले दोन चिकट धागे कात्रीने कापले, तेव्हा टोक थोडं सैल झालं. दांडा ओढून बाहेर काढायचा मोह इथे आवरावा. तो धक्का ऐरणीतून रिकिबीला आणि तिथून आतल्या कानाला पोचतो, आणि त्याची किंमत न भरून येणारा बहिरेपणा असू शकते.

दांड्यावरची कातडी खरवडून काढणं हे सर्वात किचकट काम. वरच्या आखूड उंचवट्यापासून खाली सोलत यायचं. टोकाशी, म्हणजे अंबोपाशी, ती घट्ट रुतलेली असते आणि तिथे धारदार पात्याने कापावी लागते. सोलताना ओढली तर थोडी मागे राहते. इथेही ती तुकड्यातुकड्याने निघाली.

पुढची भिंत आणि बोगदा

अॅन्युलसपासून 2 मिमी बाहेर, 12 ते 5 वाजेपर्यंत पुढच्या भिंतीच्या कातडीला वक्र चीर दिली. चिरेच्या बाहेरची कातडी हाडावरून सोलून बाहेर वळवली आणि तिच्यावर टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटातला अॅल्युमिनियमचा तुकडा ठेवला, म्हणजे ड्रिलने ती गुंडाळली जात नाही. फुगीर हाड 2 मिमीच्या हिऱ्याच्या बरने (ड्रिलच्या गोल टोकाने), भरपूर पाणी सोडत, थराथराने घासलं. पलीकडे जबड्याचा सांधा आहे. हाड गुलाबी दिसू लागलं की थांबायचं. बर साखळीला किंवा दांड्याला लागला तरी आतल्या कानाला इजा होते, म्हणून आतल्या दोन मिमीत ड्रिल नेलंच नाही. एवढ्याने संपूर्ण अॅन्युलस मायक्रोस्कोप न हलवता दिसू लागला.

मग 1 ते 2 वाजण्याच्या दरम्यान, उरलेल्या 2 मिमी कातडीखालून आणि अॅन्युलसखालून मध्यकर्णात बोगदा केला. रुंदी तीन मिमी. याहून रुंद केला तर अॅन्युलसच खोबणीतून सुटतो आणि जो आधार वापरायचा तोच जातो.

ग्राफ्ट ट्रॅगसचा, म्हणजे कानाच्या तोंडासमोरच्या कूर्चेचा. चीर आतल्या बाजूने, वरची 2 मिमी कड तशीच ठेवून, म्हणजे बाहेरून कान बदललेला दिसत नाही. 15 × 10 मिमीचा तुकडा मिळाला. एका बाजूचं पेरिकॉन्ड्रियम, म्हणजे कूर्चेवरचं पातळ आवरण, काढून टाकलं, दुसऱ्या बाजूचं ठेवलं. कूर्चा मुळात सुमारे एक मिमी जाड असते. ती अर्ध्या मिमीपर्यंत पातळ केली की आवाजाचं वहन सुधारतं आणि कणखरपणाही उरतो. यापेक्षा पातळ केली तर चकती एका बाजूला वळते आणि तिची धार कडेपासून उचलली जाते. मध्ये 7 मिमीची चकती ठेवली, मागे 5 मिमी आणि पुढे 3 मिमी नुसतं पेरिकॉन्ड्रियम. चकतीच्या मधोमध 2 मिमी रुंदीची उभी पट्टी काढली. कूर्चेचे दोन तुकडे आता पेरिकॉन्ड्रियमच्या बिजागरीवर जोडलेले राहिले आणि मधल्या फटीत हातोडीचा दांडा बसणार होता.

दांडा आत ओढलेला असल्यामुळे ग्राफ्ट त्याच्याखाली सरकवला असता तर मध्यकर्णाची जागाच संपली असती. म्हणून ग्राफ्ट दांड्याच्या बाहेरून पण अॅन्युलसच्या आतून ठेवला, कूर्चा आतल्या भिंतीकडे आणि पेरिकॉन्ड्रियम बाहेर. याला ओव्हर-अंडर पद्धत म्हणतात. तिचा एक धोका उघड आहे: दांड्यावर कातडीचा कण उरला तर तो ग्राफ्टखाली गाडला जातो.

आधी सलाइनमध्ये भिजवून दाबलेलं जेलफोम युस्टेशियन नलिकेच्या तोंडाशी आणि खालच्या पुढच्या भागात भरलं. मागे, खिडक्यांजवळ, जवळजवळ काहीच नाही. सगळीकडे ठासलं तर पुढे त्याच जागी चिकट धागे होतात. ग्राफ्ट आत घेतला, बोगद्यातून मगरतोंडी चिमट्याने पुढची शेपटी पकडून बाहेर ओढली आणि हाडावर सपाट पसरली. शेपटी दुमडली तर ती जाड व्रण करते आणि पुढचा कोन बोथट होतो, म्हणून ती ओली करून चपटी होईपर्यंत दाबली. वरून पुढची कातडी परत आणली. मागचं पेरिकॉन्ड्रियम हाडावर पसरून त्यावर मागची झडप टाकली. शेवटी 30 अंशांच्या एंडोस्कोपने पूर्ण परीघ पाहिला. ही पाहणी मिनिटभराची आहे, पण पहिल्या वेळी राहिली ती हीच. 7 वाजता चकतीची धार कडेच्या बाहेर आलेली दिसली, ती आत सरकवली. नलिकेत जेलफोम, तोंडाशी अँटिबायोटिक मलमाची पट्टी, टाके, बँडेज.

नंतरचे बारा महिने

शुद्धीवर येताच तीन गोष्टी पाहिल्या: चेहरा दोन्हीकडे सारखा हलतो का, डोळ्यांत निस्टॅग्मस (बुबुळांची आपोआप होणारी हालचाल) आहे का, वेबर कुठे जातो. वेबर उजवीकडे, म्हणजे शस्त्रक्रियेच्या कानाकडे गेला. कानात बोळे भरलेले असताना असंच अपेक्षित आहे. तो डावीकडे गेला असता तर आतला कान दुखावल्याची शंका घेऊन त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू करावं लागलं असतं.

बँडेज दुसऱ्या दिवशी काढलं, टाके सातव्या. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं, सहा आठवडे विमानप्रवास नाही, तीन महिने कानात पाणी नाही. दहाव्या दिवसापासून थेंब. तिसऱ्या आठवड्यात नलिकेतलं जेलफोम सक्शनने काढलं, ग्राफ्टला लागलेला थर मात्र तसाच ठेवला. तो ओढून काढण्याच्या घाईत चांगला बसलेला ग्राफ्ट उचलला जातो.

त्याच भेटीत पुढच्या चिरेवर दोन मिमीचा लाल, ओलसर मांसांकुर दिसला. जागा नेमकी शेपटीवरची. इथे हाड थोडं उघडं राहिलं होतं, कातडीच्या दोन कडा पूर्ण भिडल्या नव्हत्या. ग्राफ्ट इतका जवळ असताना सिल्व्हर नायट्रेट लावणं जोखमीचं होतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन-डेक्सामेथासोनचे थेंब दिवसातून दोनदा, दर आठवड्याला सक्शन. सहाव्या आठवड्यात अंकुर गेला आणि तिथे कातडी आली. दुर्लक्ष केलं असतं तर त्याच जागी व्रणाचा पडदा तयार होऊन पुढचा कोन भरला असता.

तीन महिन्यांनी पडदा सगळीकडून बंद. हवावाटे 30, 25, 20, 25, सरासरी 25 डेसिबल. हाडावाटे सरासरी 11, गॅप 14. 4000 हर्ट्झला हाडावाटे पातळी आधीइतकीच, 15, म्हणजे ड्रिलने आतल्या कानाला तोशीस लागली नाही. बारा महिन्यांनी हवावाटे 22.5, गॅप 11. वर्गातली अडचण गेल्याचं त्यांनी सांगितलं.

कूर्चेच्या पडद्याला एक तोटा आहे, तो पारदर्शक नसतो. मागे पाणी साठलं किंवा कातडी वाढली तरी सहज दिसत नाही, आणि जाड पडद्याचा सपाट टिम्पॅनोग्राम फसवा असू शकतो. त्यामुळे श्रवण चांगलं असलं तरी वर्षातून एकदा मायक्रोस्कोपखाली पाहणं ठरलेलं होतं. बाराव्या महिन्याच्या त्या पाहणीत दांड्याच्या टोकाशी, पेरिकॉन्ड्रियममधून उठलेला एक मिमीचा पांढरा मणी दिसला. शस्त्रक्रियेत कातडी तुकड्यातुकड्याने निघाली होती तीच ही जागा. बाह्यरुग्ण विभागात पृष्ठभाग बधिर करून मण्यावर टोच्याने चीर दिली, आतला पांढरा गर सक्शनने काढला, उरलेली पिशवी चिमट्याने सोलून घेतली. पडद्याला भोक पडलं नाही. पुढची तपासणी तीन महिन्यांनी ठेवली आहे आणि मणी पुन्हा दिसला तर एमआरआय करून आत काही वाढत नाही ना, हे पाहायचं ठरलं आहे.